चेंडू डाव्या टाचेसमोर

दाजी धुरी आमच्या घरी पहिल्यांदा आले ते कोकमाची सोलं द्यायला. देवबागला वडिलांच्या जागेत आम्ही नवरा-बायकोनं पाहुण्यांसाठी चार खोल्या बांधल्या, त्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. सोलकढी रोज लागायची, आणि चांगली सोलं खाडीपलीकडे सड्यावरच्या, म्हणजे वरच्या कातळमाळावरच्या, धुऱ्यांकडे मिळतात असं कुणीतरी सांगितलं म्हणून मी निरोप पाठवला होता. एका सकाळी सत्तरीचे एक उंच, काटकुळे गृहस्थ पडवीशी येऊन उभे राहिले. बसा म्हटलं आणि चहा टाकायला आत गेले. कप घेऊन बाहेर आले तर सोलांची पिशवी पायरीवर होती आणि ते कोपऱ्यात, माझ्या गोल्फच्या बॅगेसमोर.

पुण्यात नोकरी करत असताना ऑफिसातल्या मंडळींच्या नादानं मी गोल्फ शिकले होते. देवबागला आल्यापासून ती बॅग नुसती उभी होती आणि पाहुणे तिच्यात ओल्या छत्र्या खोचायचे. दाजींनी छत्र्या काढून बाजूला ठेवल्या होत्या. खांद्यावरच्या पंच्यानं ते एकेक काठी पुसत होते आणि क्रमानं परत लावत होते. मी आलेलं त्यांना कळलं असावं, पण वळले नाहीत.

"बाय, ड्रायव्हर जमणा नाय मां तुका?" त्यांनी विचारलं.

खरं तर मला तो कधीच जमला नव्हता. आयर्ननं, म्हणजे लोखंडी पात्याच्या काठीनं, चेंडू बरा जायचा, पण पहिल्या फटक्यासाठी ती लांब, मोठ्या डोक्याची काठी हातात घेतली की चेंडू एक तर उजवीकडे झाडीत नाहीतर चार पावलांवर. तुम्हाला कसं कळलं म्हणून विचारलं तेव्हा त्यांनी सात नंबरच्या आयर्नचं पातं दाखवलं. मधोमध रुपयाएवढी जागा घासून गुळगुळीत झाली होती. मग ड्रायव्हर दाखवला. मधे काहीच नाही, कडेला चार-पाच डाग. काठी आपणहून सगळं सांगते, असं म्हणून त्यांनी चहा घेतला आणि होडी सुटायच्या आत निघून गेले. जाताना एवढंच म्हणाले की पाऊस सरला की सड्यावर ये.

मुंबईतल्या एका गोल्फ क्लबात त्यांची पस्तीसेक वर्षं गेली होती, आधी मेंबरांच्या बॅगा वाहण्यात आणि मग त्याच मेंबरांना खेळ शिकवण्यात. निवृत्त होऊन गावी आले तेव्हा शेजाऱ्यांना वाटलं, हा माणूस आता काजूकडे बघेल. त्यांनी काजूकडे बघितलंच, पण सड्यावर, समुद्राच्या बाजूला, खाटेएवढी जागा निवडून तिथे खालून टोपल्या-टोपल्यांनी माती नेली आणि हरळी लावली. उन्हाळाभर तिला झारीनं पाणी घालत. तेवढं हिरवं सोडलं तर चारी बाजूंना काळपट जांभा आणि करडं गवत. आयर्न मारायचे ते या हरळीवरून. ड्रायव्हरसाठी शेजारच्या कातळात पावसानं पाडलेलं एक बोटभर भोक होतं. दाजी बांबूची टी, म्हणजे चेंडू ठेवायची खुंटी, तासून त्यात उभी करत आणि तिच्यावर नारिंगी चेंडू ठेवत. वाऱ्यावर गवत हलायचं, चेंडू हलायचा नाही.

त्यांच्या बायकोनं, इंदूकाकींनी, एकदा विहिरीवर सहज सांगितलं की आमच्याकडे ड्रायव्हर आहे. गावात दोन दिवस चर्चा झाली की धुऱ्यांनी गाडी कधी घेतली. दाजींना हे फार आवडलं होतं. कुणी विचारलं तर म्हणायचे, आसा, पण बोलणा नाय.

दिवाळीनंतर आठवड्यातून दोनदा मी बॅग घेऊन होडीनं खाडी ओलांडायची आणि पाखाडीच्या दगडी पायऱ्या चढून सड्यावर जायची. वर पोचेपर्यंत ऊन कोवळंच असायचं. समुद्र इतका खाली आणि इतका गप्प की त्याच्यावरच्या होड्या कुणी ठेवून विसरून गेल्यासारख्या दिसायच्या. दाजी आधीच आलेले असत. फुल पँट, आत खोचलेला पांढरा शर्ट, डोक्यावर क्लबातली फिकट टोपी. घरी पंचा नेसून वावरणारा हा माणूस सड्यावर मात्र ड्यूटीवर असल्यासारखा येई.

बॅगा वाहण्याच्या दिवसांतल्या काही सवयी त्यांच्या अंगात राहिल्या होत्या. कुणाबरोबरही चालताना ते दोन पावलं मागे आणि जरा बाजूला चालायचे. ऊन कुठून येतंय ते बघून बाजू बदलायचे, म्हणजे त्यांची सावली पुढच्या माणसाच्या वाटेत पडू नये. माझ्या पुढे चालायला मी त्यांना कधी लावू शकले नाही. दुसरं म्हणजे, समोरचा माणूस काही नेमकं करायला लागला की ते जागच्या जागी थांबत. काकी सुईत दोरा ओवायला लागल्या की हे दारात एक पाय उचललेल्या अवस्थेत उभे. एकदा मी त्यांच्या कपात चहा ओतत होते आणि ते वाक्याच्या मधेच गप्प झाले. कप भरला, मी किटली खाली ठेवली, तेव्हा त्यांनी राहिलेले दोन शब्द पूर्ण केले.

शिकवताना मात्र भरपूर बोलत. त्यांचं म्हणणं असं की सगळ्यांची चूक एकच असते. आयर्ननं चेंडू मारताना काठी वरून खाली येते, आधी चेंडूला लागते, मग जमिनीला. हात पुढे, चेंडू दोन पायांच्या मधे, वजन हळूच डाव्या पायावर. हे अंगात बसलं की माणूस ड्रायव्हरही तसाच मारतो, वरून खाली. पण ड्रायव्हरचा चेंडू जमिनीवर नसतोच, तो टीवर उभा असतो. त्याला खालून वर जाताना उचलायचं. म्हणून पाय खांद्यांपेक्षा थोडे जास्त फाकायचे. चेंडू डाव्या टाचेसमोर. उजवा खांदा जरा खाली, डोकं चेंडूच्या मागे. टी इतकी उंच की अर्धा चेंडू काठीच्या डोक्यावरून डोकावला पाहिजे. आणि काठी लांब आहे म्हणून जास्त जोर लावायचा नाही. ती लांब आहे म्हणूनच तिला वेळ द्यायचा.

"कोयती खाली जाता, पाग वर जाता," ते म्हणाले. पाग म्हणजे खाडीत हातानं फेकायचं जाळं. "हात तेच. माणूस तोच."

मी काठी उचलली की त्यांचं एक वाक्य ठरलेलं असे. "मारू नको गो. जावंदे."

मला हे "जावंदे" कळायला दोन महिने लागले. कळलं त्या दिवशी काही विशेष केल्यासारखं वाटलंच नाही. हाताला धक्का बसला नाही, आवाजही बारीक झाला. बघते तर चेंडू सड्याच्या कडेकडे निघाला होता, बराच उंच, आणि उतरायला तयार नव्हता. दाजींनी टोपी काढून डोकं खाजवलं. शाबासकी वगैरे त्यांच्याकडे नव्हती.

एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. आयर्न ते स्वतः मारून दाखवत. ड्रायव्हर कधीच नाही. काठी हातात घेऊन उभं कसं राहायचं, कुठवर मागे न्यायची, सगळं दाखवत, पण चेंडूशिवाय. मारून दाखवा म्हटलं की म्हणायचे, आधी पुढचे चेंडू गोळा करून आण. मी पाठ फिरवून गवतातून निघाले की मागून एक टपकन आवाज यायचा. वळेपर्यंत नारिंगी चेंडू डोक्यावरून गेलेला असे, समुद्राच्या बाजूला, आकाशात लहान लहान होत. आणि दाजी पंच्यानं काठी पुसत उभे, जणू ती दुसऱ्याच कुणीतरी चालवली.

का ते त्यांनी एकदा सांगितलं. त्या दिवशी धुकं होतं, समुद्र दिसत नव्हता, चेंडू मारण्यात अर्थ नव्हता म्हणून आम्ही कातळावर बसलो होतो.

तरुणपणी त्यांच्याकडे एकच काठी होती. कुणा मेंबरानं टाकून दिलेलं, मानेत किंचित वाकलेलं सात नंबरचं आयर्न. सोमवारी क्लब मेंबरांना बंद असे आणि बॅगावाल्यांना खेळायची मुभा असे. दाजी पहिल्या फटक्यापासून शेवटापर्यंत सगळं त्या एका काठीनं खेळत, आणि चांगलं खेळत. बॅगावाल्यांची वर्षातून एकदा स्पर्धा व्हायची. एका वर्षी शेवटचा खड्डा राहिला असताना दाजी सगळ्यांच्या पुढे होते. मेंबर मंडळी बघायला उभी होती. ज्यांची बॅग ते नेहमी उचलत त्या साहेबांनी कौतुकानं आपला नवाकोरा ड्रायव्हर पुढे केला, आज यानं मार म्हणाले. नाही कसं म्हणायचं? दाजींनी आयुष्यात पहिल्यांदा ड्रायव्हर हातात धरला आणि आयर्नसारखा चालवला. चेंडू मधे, घाव वरून खाली. चेंडू सरळ वर गेला आणि वीस पावलांवर येऊन पडला. लोक हसले. ते हसणं त्यांच्या फारसं लक्षात राहिलं नव्हतं.

"त्या काठयेच्या डोक्यार पांढरो ओरखडो पडलो," ते म्हणाले. "माझ्या हातान."

साहेब रागावले नाहीत. त्यांनी काठी घेतली, अंगठ्यानं ओरखडा पुसून बघितला, तो गेला नाही, आणि काठी बॅगेत ठेवली. पण नंतर महिनाभर त्यांनी दाजींना बॅग उचलायला बोलावलं नाही. पुढे बोलावलं तेव्हा रोज ती बॅग खांद्यावर घेताना तो ओरखडा दाजींच्या डोळ्यांसमोर असे.

त्या मे महिन्यात ते गावी आले तेव्हा त्यांचा थोरला भाऊ खाडीत पाग मारत होता. दाजी काठावर बसून बघत राहिले. भावाचा उजवा खांदा खाली गेला, छाती मागे राहिली, आणि जाळं वर, लांब जाऊन पाण्यावर उघडलं. ते दुसऱ्या दिवशी बांबूची काठी घेऊन गुडघाभर पाण्यात उभे राहिले. सुट्टी संपेपर्यंत रोज. पुढे त्यांनी कितीतरी लोकांना ड्रायव्हर शिकवला. आयर्नवरून ड्रायव्हरवर येताना अडलेल्यांना क्लबात सगळे दाजींकडे पाठवत. पण लोकांसमोर त्यांनी स्वतः तो पुन्हा कधी मारला नाही.

हे सांगून झाल्यावर ते उठले आणि हरळीला पाणी घालायला गेले. मी तशीच बसून राहिले. धुक्यात झारीचा आवाज तेवढा येत होता.

दुसऱ्या वर्षीच्या पावसात काकींना लकवा झाला. उजवी बाजू गेली. ओरोसच्या हॉस्पिटलातून घरी आणल्यावर व्यायाम शिकवायला एक मुलगी आठवड्यातून एकदा यायची, पण काकी पाय टेकायला तयार नव्हत्या. पाय जमिनीला लागला तरी वजन टाकायच्या नाहीत. हा पाय माझा नाही म्हणायच्या. त्या आता चालतील असं घरात कुणालाच वाटत नव्हतं. आरोंद्याला दिलेली त्यांची मुलगी सुषमा आईला घेऊन जायचं म्हणत होती.

दाजींनी त्यांना पडवीत उभं केलं. मी त्या दिवशी भाताची पेज घेऊन गेले होते. गोल्फच्या काठीवर कधी रेलायचं नाही हा त्यांचा पहिला नियम. मी एकदा ड्रायव्हर टेकून उभी राहिले होते तर दिवसभर माझ्याशी बोलले नव्हते. आणि आज त्यांनी आपलं ते जुनं सात नंबरचं आयर्न उलटं करून काकींच्या डाव्या हातात दिलं होतं, पातं मुठीत, मूठ जमिनीला. स्वतः त्यांच्या समोर उभे राहून त्यांचे दोन्ही खांदे धरले होते. आधी सगळं वजन डाव्या पायावर घे म्हणाले. मग अगदी थोडं उजव्यावर. किती ते मी सांगतो. मला शिकवताना त्यांचा जो आवाज असे तोच.

"पडलंय तर?" काकींनी विचारलं.

"मी हय आसंय."

त्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशीही. पण दाजी रोज सकाळी तासभर हे करत, आणि सड्यावर जाणं त्यांनी बंद केलं. हरळी पिवळी पडली. नवरात्राच्या सुमारास मी गेले तेव्हा काकी पडवीच्या या टोकापासून त्या टोकाला गेल्या, उजवा पाय ओढत, घामानं भिजून. दाजी त्यांच्या दोन पावलं मागे, जरा बाजूला. काकी तुळशीसमोर पोचून थांबल्या आणि काठी टाकून त्यांनी वृंदावनाला हात टेकले. दाजी वाकले. खाली पडलेली काठी उचलून ते पुसायला लागले आणि पुसतच राहिले.

गोव्याला जायचं माझ्या डोक्यात होतं ते त्याच्याही आधीपासून. तिकडे एका हॉटेलच्या आवारात नऊ खड्ड्यांचं मैदान आहे, बाहेरच्या माणसाला पैसे भरून खेळता येतं. दाजींना एकदा तिथे न्यायचं, बॅग न उचलता पूर्ण खेळायला लावायचं. ते नाही म्हणत राहिले. गुडघा, घर, काकी. शेवटी एक दिवस काकींनीच विषय मिटवला.

"माका उभी केल्यात," त्या म्हणाल्या. "आता तुमी जावा."

सुषमा दोन दिवसांसाठी आली आणि आम्ही पहाटे निघालो. गाडी माझा नवरा चालवत होता. दाजींनी ठेवणीतला शर्ट घातला होता आणि बूट मुंबईचे. मैदानावर पोचलो तर आमच्याबरोबर बॅग घेऊन चालायला एक बाई आल्या, पन्नाशीच्या, कोंकणी बोलणाऱ्या. त्यांनी दाजींकडची बॅग घ्यायला हात पुढे केला. दाजींनी पट्टा सोडला नाही. दोघं क्षणभर तसेच उभे, पट्ट्याची दोन टोकं दोघांच्या हातांत. मग त्या बाई हसल्या आणि म्हणाल्या की आज तुम्ही पाहुणे, हे माझं काम. दाजींनी पट्टा सोडला. पहिले दोन खड्डे तो रिकामा खांदा त्यांना सांभाळता येईना, एका बाजूला झुकून चालत होते.

खेळले फार सुंदर. प्रत्येक खड्ड्यावर पहिला फटकासुद्धा आयर्ननं, पण सरळ, हिरवळीच्या मधोमध. दव अजून वाळलं नव्हतं. आमच्या पावलांच्या रेघा मागे राहत होत्या. त्यातली एक रेघ कायम इतरांच्या मागे आणि जरा बाजूला. मी काही सुचवलं नाही. आठ खड्डे असे गेले.

नवव्याला समोर लांब, मोकळं मैदान होतं आणि शेवटी नारळाची रांग. आमच्या मागून खेळत आलेले चार-पाच जण, हॉटेलात उतरलेले, वाट बघत उभे होते. दाजींनी त्यांच्याकडे बघितलं. टोपी सारखी केली. मला वाटलं, पुन्हा आयर्न मागतील.

"बाय, तुझो ड्रायव्हर दी."

बॅगवाल्या बाईंनी काढून दिला. दाजी टी रोवायला वाकले, उठले, काठी हातात फिरवली, तिच्या काळ्या गुळगुळीत डोक्याकडे बघत राहिले.

"ओरखडो पडलो तर?"

"पडूंदे," मी म्हटलं.

ते उभे राहिले. पाय फाकले, उजवा खांदा खाली गेला. मग इतका वेळ काहीच झालं नाही की मागच्यांपैकी कुणीतरी घसा खाकरला. काठी मागे गेली, सावकाश, आणि मला अजून आठवतं, वरती पोचून थांबल्यासारखी वाटली. मग आवाज आला. सड्यावर पाठमोरी असताना ऐकायची तोच, पण या वेळी मी बघत होते. चेंडू आधी खालून गेला, मग चढायला लागला, चढत राहिला. फार लांब नाही गेला. वयच होतं. माडांच्या अलीकडे थोडा उजवीकडे उतरला आणि गवतात थांबला. मागच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. बॅगवाल्या बाई "बरो गेलो", चांगला गेला, म्हणाल्या आणि चालू लागल्या.

दाजींनी काठीचं डोकं उलटसुलट करून बघितलं. स्वच्छ होतं. तरी पुसलं. मग ते गवतावर बसले. आम्ही थांबलो, आणि मागचे लोकही थांबले. घरी गेल्यावर त्यांनी काकींना काय सांगितलं ते मी नंतर विचारलं. काकी म्हणाल्या, एकच शब्द बोलले. "गेलो." आणि दोनदा भात वाढून घेतला.

पुढच्या मे महिन्यात सुषमानं दोघांना आरोंद्याला नेलं. काकींना सडा चढणं-उतरणं शक्य नव्हतं आणि दाजींना त्यांच्याशिवाय राहणं. फोनवर ते दोन मिनिटांच्या वर बोलत नसत. डिसेंबराच्या सुरुवातीला, दिवाळीच्या पाहुण्यांची गर्दी जरा कमी झाल्यावर मी आरोंद्याला गेले.

सुषमाचं घर खाडीच्या काठावर आहे, मागच्या दारी पाण्यात उतरणाऱ्या चार पायऱ्या. दुपार होती. काकी वरच्या पायरीवर बसून चवळीच्या शेंगा मोडत होत्या, उजव्या हातानं हळू, पण मोडत होत्या. मला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि खाली दाखवलं. जावयाची छोटी होडी पायरीशी बांधलेली होती, तिच्यावर माडाच्या झावळीची सावली. दाजी तिच्यात आडवे झाले होते. डोक्याखाली दुमडलेला पंचा, तोंड किंचित उघडं, एक हात पोटावर, दुसरा होडीच्या काठावरून बाहेर. गाढ झोपले होते. रोज दुपारी हयच निजतत, काकी कुजबुजल्या. घरात झोप लागत नाही म्हणतात.

"उठवू?" त्यांनी विचारलं.

मी नको म्हटलं. काकींच्या शेजारी बसले आणि अर्ध्या शेंगा माझ्याकडे घेतल्या. भरती लागली होती. खालची पायरी पाण्याखाली गेली, मग तिच्यावरची. चिखलात टेकलेली होडी कधी तरंगायला लागली ते आम्हा दोघींनाही कळलं नाही. दोरी ताणली, सैल झाली, आणि होडीनं काठाला समांतर असलेलं तोंड सावकाश समुद्राकडे वळवलं. दाजींच्या बाहेर आलेल्या हाताची बोटं पाण्याला लागली. त्यांनी ती काढून घेतली नाहीत.

माझी शेवटची बस साडेचारला होती. मी निघाले तेव्हाही ते झोपलेले होते.

माघात सुषमाचा फोन आला. दाजी गेले, दुपारच्या झोपेतच.